एकशे चाळिसावा दिवस

पहाटे साडेतीन. दक्षिणेचा वारा शेडचा पत्रा ओरबाडतो.
मी टॉर्च दातांत धरते
आणि चारशे सतरा नंबरच्या मेंढीच्या कुशीतून निघालेल्या
दोन बारीक नळ्यांपाशी उकिडवी बसते.
निळी तिची. पांढरी पोटातल्याची.
शेजारच्या पिंजऱ्यात चारशे अठरा रवंथ करते,
तिच्यावर कसलाच प्रयोग नाही.
एकटी मेंढी घाबरते, घाबरली की रक्त खोटं बोलतं,
म्हणून ही नुसती सोबतीला, चाऱ्यावर.

निळीतून पाच मिली. पांढरीतून दोनच.
त्याचं रक्त उसनं मागितल्यासारखं घ्यायचं.

वाढीचं हार्मोन
आईच्या रक्तात चिमूटभर, पिल्लाच्या रक्तात ओंजळभर.
पहिल्या वर्षी वाटलं, मी नळ्यांची अदलाबदल केली.
डूगल्ड हसला नाही. आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, बरोबर आहे.
आईला टोचलं तर यकृत हुकूम मानतं.
पिल्लाचं यकृत ढिम्म.
मेंदूच्या तळाशी बसलेली ती इवलीशी ग्रंथी
हाका मारून मारून घसा बसवून घेते,
आणि यकृताला अजून कानच फुटलेले नाहीत.

मग ते वाढतं कशावर?
आईच्या साखरेवर, तो म्हणाला, आणि इन्सुलिनवर.
आईत इन्सुलिन साखरेचा हिशेब ठेवतं,
इथे ते गवंडीकाम करतं.

ब्लफच्या घरात आत्या हिनेवाई
टीटी पक्ष्यांची पिसं उपटत दिवसभर माओरीत बोलायची.
मी इंग्रजीत हो म्हणायचे आणि धक्क्यावर पळायचे.
ती काही गप्प बसली नाही.
मला कान फुटायला चाळीस वर्षं लागली.
आता दर मंगळवारी शाळेच्या रिकाम्या वर्गात,
लहान मुलांच्या खुर्चीत मावत नाही तरी बसते.
बोलणारी गेली.

एकशे चाळिसावा दिवस. कॉर्टिसॉल.
काल दुपारी कुत्रा भुंकला तेव्हा निळीत चढलं,
चहाच्या वेळेपर्यंत उतरलं.
पांढरीत मात्र कुणी भुंकलं नाही,
तरी परवा आठ, काल चौदा, आज एकवीस,
आणि उतरायचं नाव नाही.
रेणू तोच. नावही तेच.
आईच्या अंगात त्याचा अर्थ: पळ.
याच्या अंगात: आटप, निघायचंय.
फुप्फुसांतलं पाणी आटवायची तयारी त्याची,
थंडीतल्या पहिल्या तासासाठी यकृतात साखर भरून ठेवणं त्याचं,
आणि त्याच यकृताला
कान कोरून देणंही त्याचंच.
शेवटी तारीख ठरवतं तेही पिल्लूच.
आईला फक्त कळवलं जातं.

सात दिवसांनी, गारा पडत असताना, ते आलं.
नाकातला चिकटा पुसला. शिंकलं.
तेवढ्या वेळात मी एकही नमुना घेतला नाही.

मग वार पडली.
माओरीत वारेला फेनुआ म्हणतात, जमिनीलाही फेनुआच.
मंगळवारी फळ्यावर हा शब्द लिहिला गेला
आणि माझा हात वहीवरच राहिला.
माझी वार कुठे पुरली ते आत्याने सांगितलं होतं.
नक्की सांगितलं होतं, पिसं उपटता उपटता,
कुठल्याशा झाडाचं नाव घेतलं होतं.
मी हो म्हटलं होतं.

नियमाप्रमाणे ती पिवळ्या पिशवीत, भट्टीत जायची.
मी वजन केलं, वहीत लिहिलं.
पुढचा रकाना कोरा ठेवला.
शेडमागची माती गोठलेली होती, फावडं वाजत होतं,
चारशे अठरा मान वर करून बघत होती.

दहाव्या दिवशी पिल्लाला सुई दिली:
तेच हार्मोन, वजनाच्या हिशेबात तोच डोस.
संध्याकाळी डूगल्डने कागद दिव्याखाली धरला.
बराच वेळ धरला.
ऐकू आलं त्याला, म्हणाला.
पिल्लू तोवर आईच्या पोटाखाली शिरून
ढुशा देत होतं.